बिनउंबऱ्याची तुळस

माणसाचा आधी चेहरा बघावा, अशी साधी रीत आहे. मी मात्र बाईमाणूस दिसले की आधी हात बघते. ही खोड मला एस.टी.ने लावली.

माझे माहेर धुळे आणि सासर जळगाव. साठच्या दशकात लग्न होऊन आले, तेव्हापासून वर्षाकाठी चार-पाच खेपा त्या रस्त्यावर व्हायच्याच. गाडीला गर्दी ठरलेली. पारोळ्याला बाजाराच्या बाया चढल्या की उभे राहायलाही जागा नसे. त्या वरची दांडी धरायच्या, बांगड्या खळकन कोपराकडे सरकायच्या आणि बाकावर बसलेल्या माझ्या नाकासमोर गोंदलेले पाच-सहा हात एकदम येऊन थांबायचे. कुठे विंचू, कुठे मोरांची जोडी, कुठे नुसत्या ठिपक्यांची चौकट. धुळ्याच्या आमच्या गल्लीत गोंदण काही कमी नव्हते, पण रोजचे असल्यामुळे ते मी कधी पाहिलेच नव्हते. गाडीत दोन तास दुसरे बघायला काही नसायचे, म्हणून पाहायला लागले.

मी मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई होते. वाकडी रेघ दिसली की माझा जीव खालीवर व्हायचा. मुलींच्या वह्यांत मी इतक्या ठिकाणी पट्टी लावून रेघा सरळ केल्या आहेत, की त्या चित्रांपैकी निम्मी तरी माझीच म्हणायला हवीत. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडले ते या सवयीमुळेच.

एक जाड कागदाची वही मी पिशवीत ठेवू लागले. हात आवडला की सरळ विचारायचे, "अक्का, जरा हात दाखवता का?" बाया दचकायच्या. एरंडोलच्या थांब्यावर एकीने हात पदराखाली लपवून मला विचारले, "देवी टोचनारी तं नही ना तू?" दुसरीला मी कुटुंबनियोजनवाली वाटले. तिने मला तिच्या सहा लेकरांची हजेरी घेऊन दाखवली आणि वर दम दिला, की आता काही सांगायला येऊ नको. पण एकदा खात्री पटली, की मग मात्र बाया भरभरून दाखवायच्या. हा विंचू कधी काढला, तेव्हा कोण रडले, कोणी गूळ चारला, गोंदताना आत्याने कसे मांडीवर दाबून धरले होते, सगळे. मी हात काढायची आणि त्या सांगायच्या. कंडक्टर ओरडायचा, "बाई, उतरा, तुमचं गाव गेलं मागे."

दोन-तीन वर्षांत वही निम्मी भरली, आणि एक गंमत माझ्या लक्षात आली. हातांनाही गाव असते. यावलकडच्या, केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायांच्या हातावरची पाने गोलसर आणि मोठी. डोंगराकडून आलेल्या आदिवासी बायांच्या डोळ्यांच्या कडेला बारीक रेघा. आणि धुळ्याकडच्या, त्यातही तापीकाठच्या गावांतल्या बायांचे काम सर्वांत बारीक. ठिपक्याला ठिपका लागेल की काय असे वाटावे, पण लागलेला नसायचा. त्या नदीकाठच्या गोंदणाचे बायांना भारी अप्रूप होते. जळगावला दिलेल्या तिकडच्या मुली बाजारात बसणाऱ्या गोंदणारीकडे ढुंकूनही बघत नसत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेल्यावर आपल्याच बाईकडून गोंदून यायच्या. इकडच्या बाईचा हात जड, निळा रंग पसरतो, असे त्यांचे म्हणणे.

मी नवऱ्याशी पैज लावायची. समोरची बाई कुठे उतरणार ते हातावरून सांगायचे. एकदा अगदी छाती ठोकून सांगितले, की ही पार धुळ्यापर्यंत येणार. आणि बाई एरंडोलला उतरून गेली. नवरा हसून हसून बेजार झाला. मी खिडकीतून तिला ओरडून विचारले, "अक्का, माहेर कुठलं?" ती म्हणाली, "शिंदखेड्याकडलं." तेव्हा मला उलगडा झाला. गोंदण लहानपणी होते, माहेरी होते, म्हणून हातावर असते ते माहेर. सासर कुठलेही असो. मी नवऱ्याकडे असे बघितले की जणू अमेरिका मीच शोधली.

नवरा मात्र हसायचा थांबला. म्हणाला, "मग अक्काच्या हातावर काय आहे?"

अक्का म्हणजे माझी सासू. घरात आणि गल्लीत सगळे तिला अक्काच म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ, आणि कामाला अशी की मी शाळेतून यायच्या आत धुणे वाळून घड्याही झालेल्या असायच्या. अक्काला माहेर नव्हते. म्हणजे माहेर तुटले होते असे नाही, ते कुठले हेच तिला माहीत नव्हते. मानमोडीच्या साथीत, माणसे पटापट मरत होती त्या दिवसांत, बोदवड स्टेशनवर चार वर्षांची एक पोर बाकाखाली बसलेली सापडली. अंगात ताप, जवळ कोणी नाही. नाव विचारले तर "बाय" एवढेच सांगायची. रेल्वेतल्या एका हमालाने आणि त्याच्या बायकोने तिला घरी नेले, वाढवले, बाराव्या वर्षी लग्न करून दिले. ती दोघेही पुढे लवकर गेली. त्यामुळे आखाजीला गल्लीतल्या एकूणएक सुना माहेरी जात, झोक्यावर बसून गाणी म्हणत, आणि अक्का त्या दिवशी घरात कोठीतले धान्य उपसून पुन्हा भरत बसे. तिला त्या दिवशी कोणी काही बोललेले चालत नसे.

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, एक लहानशी तुळस गोंदलेली होती. मी ती चार वर्षांत धड पाहिली नव्हती. अक्का तो हात पदराखाली ठेवायची. चोळीच्या बाह्याही लांब शिवून घ्यायची. नवऱ्याने सांगितले, की तिच्या सासूने आणि जावांनी त्या तुळशीला "बिनबुडाची" म्हणून आयुष्यभर चिडवले होते. खाली वृंदावन नाही, कुंडी नाही, साधी रेघही नाही, तुळस आपली अधांतरी. आईबापाचा पत्ता नाही तशी तुळशीलाही जमीन नाही, असे त्या बोलायच्या. बोलणाऱ्या सगळ्या मेल्या, पण हात काही पदराबाहेर आला नाही.

आता मला दम निघेना. जो प्रश्न घरातल्या कोणी पन्नास वर्षे विचारला नव्हता, त्याचे उत्तर कदाचित माझ्या वहीत होते. माझा स्वभावच चोंबडा. खरे सांगायचे तर त्या वेळी मला अक्काचे दुःख कमी आणि कोडे जास्त दिसत होते.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर बिबडे घालत होतो. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे ते पापड थापताना हात ओले ठेवावे लागतात, बाह्या वर सारायलाच लागतात. अक्काची तुळस उन्हात आली. बोटाच्या दोन पेरांएवढी. वर तीन ठिपके, दोन्ही बाजूंना चार-चार पाने, ठिपक्यांचीच, आणि एकही ठिपका दुसऱ्याला चिकटलेला नाही. इतकी वर्षे होऊन, कातडे सैल पडूनही चिकटलेला नाही. मी पिठाचा गोळा तसाच टाकला.

"अक्का, ही नदीकाठची आहे! धुळ्याकडची!"

अक्काने हात ओढून घेतला नाही, पण थापणे थांबवले. मी तिला सगळे सांगितले. एस.टी.तले हात, वही, माहेर कसे ओळखू येते ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले गाव नको. गावाचं काय करू मी आता? मले येकच पाह्यजे. मायनं मले टाकलं, का मी हरवली. तेवढं लिहेल असलं तुह्या वहीत तं सांग."

काय काय आठवते, मी विचारले. अक्काला फार थोडे आठवत होते. गाडीचा धूर, पुष्कळ पाय, आणि डावा हात खूप दुखत होता. हमालाच्या बायकोने हळद-तेल लावले तेव्हा कुठे निवला. हे गोंदणच होते का, पडून लागले होते, तिला सांगता येईना.

"काढून घेऊ का?" मी विचारले.

"घे काढून. पन कोनाले दाखवू नको."

मी हो म्हटले. तिथेच पेन्सिलने काढले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत काळ्या पक्क्या शाईने गिरवले. गिरवून झाल्यावर लांबून पाहिले. सगळे छान, पण ती तुळस कागदावर लोंबकळत होती. डोळ्याला काही केल्या बरे वाटेना. मी पट्टी घेतली आणि बुडाशी एक छोटी आडवी रेघ मारून टाकली. तुळस उभी राहिली. मी वही मिटली आणि पाचवीच्या तासाला गेले.

मे महिन्यात माहेरी गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी गोंदणारी राहायची. तिची आई, आजी सगळ्या हेच करत आलेल्या. दिवाळीपासून आखाजीपर्यंत नदीकाठची गावे पायी फिरायच्या. म्हातारीला आता फिरवत नव्हते. ओट्यावर बसायची, बाया तिच्याकडे यायच्या. लहानपणी मी तिला घाबरून गल्ली बदलून जायचे. आता तासन् तास तिच्यापुढे बसू लागले. दिव्याचे काजळ ती कारल्याच्या पाल्याच्या रसात कालवायची, तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायची आणि हात ताणून धरून अशी भराभर टोचायची की मोजता येत नसे. तोंडाने सारखे काहीबाही बोलणे चालूच. तिला जत्रेत नव्याने आलेल्या बॅटरीच्या यंत्राचा मनस्वी राग होता. एक तरुण सून मनगटावर घड्याळ गोंदून आली होती, दहा वाजून दहा मिनिटे झालेले. म्हातारी तिला रोज विचारायची, "वाजनात का वं अकरा?"

अक्काला दिलेला शब्द मला आठवत होता. मी स्वतःला सांगितले की दाखवायचे ते हात नाही, चित्र. अशा पळवाटा मला पटकन सुचतात. वही उघडून मी तिच्यापुढे धरली आणि स्टेशनवर सापडलेल्या एका पोरीच्या हातावरची तुळस आहे, एवढेच सांगितले.

म्हातारीने वही लांब धरली, जवळ धरली. "हाई तं आमनीच शे," ती म्हणाली. "मन्या मायना हात शे हाऊ." तिच्या आईच्या हातची! मला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मग तिने शाईच्या त्या रेघेवर बोट ठेवले. "कितला वरीसनी व्हती पोर?"

"चार."

"चार वरीसनी पोर, आन उंबरा?" तिने मान हलवली. "मंग देई टाकेल शे ती."

मी विचारले, म्हणजे काय. तिने समजावून सांगितले, शाळेतल्या मुलीला सांगावे तसे. त्यांच्याकडे लेकीच्या हातावर तुळस काढतात, पण बुडाशी रेघ काढत नाहीत. ती रेघ म्हणजे उंबरा. पोरीचे लग्न ठरले, तिचे घर ठरले, की मग आई तिचा हात धरून बसते आणि गोंदणारी तो उंबरा ओढते. तोवर तुळस उघडी. "जी पोरनं घर ठरी गये, तिनीच तुयसले उंबरा ऱ्हास." आणि एवढ्या लहान पोरीला उंबरा फक्त एकाच कारणाने काढतात. ती दुसऱ्याला देऊन टाकायची असेल तर. दत्तक म्हणा, देवाला म्हणा, खायला घालता येत नाही म्हणून म्हणा.

आणि मी, आज लिहायला लाज वाटते, खूश झाले. केवढी सुंदर रीत! एका रेघेत केवढा अर्थ! मी ते सगळे वहीत त्या चित्राच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून काढले. ती रेघ माझी आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आले नाही. माझ्या लेखी ती रेघ नव्हतीच, ती दुरुस्ती होती.

जळगावला परत आले तेव्हा अक्का ओसरीवर डाळ पाखडत होती. मी सांगायचे नाही असे ठरवून आले होते. अक्काने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि सूप खाली ठेवले. "दाखवलं ना तू?"

मी रडकुंडीला आले. हो म्हटले. तिने विचारले, आणि मी सांगितले. गोलगोल करून, हळूहळू, मधे "त्या काळी अशीच परिस्थिती होती" वगैरे घालून सांगितले. पण अक्का काही अशी गोलगोल ऐकणारी नव्हती.

"म्हंजे देऊन टाकलं," ती म्हणाली.

"तसं नाही, अक्का..."

"तसंच हाये. मले ठाऊक व्हतंच. पन ठाऊक असनं येगळं आन कोनी सांगनं येगळं."

तिने सूप उचलले आणि पाखडायला लागली. मला वाटले होते ती चिडेल, मला फाडून खाईल. ती चिडली असती तर बरे झाले असते. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरते बोलली. जेवण कमी केले. एके दिवशी मी पाहिले, की त्या हाताला तिने चिंधी गुंडाळली होती. भाजले, म्हणाली. भाजलेले काही नव्हते. नवरा मला म्हणाला, "तुझ्या वहीला आग लाव." तो असे कधी बोलत नसे. मी वही कपाटाच्या तळाशी ठेवली आणि एस.टी.तल्या बायांचे हात पाहणे सोडून दिले, निदान तसे ठरवले.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात अक्का सकाळी लुगडे बदलून, पिशवी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "चल. त्या बाईकडे ने मले."

"कशाला, अक्का?"

"तिच्या मायनं गोंदलं ना? मंग काही कानावर असंल तिच्या. मले देतानी माय काही बोलली का. रडली का नही. तेवढं इचारते आन येते."

दुपारी आम्ही धुळ्याला पोहोचलो. गाडीत अक्का तोंड मिटून बसली होती, हात पदराखाली. म्हातारी ओट्यावरच होती. मी ओळख करून दिली. अक्का तिच्यासमोर बसली. घरून निघताना प्रश्न पाठ होता. तो न विचारता तिने नुसती चिंधी सोडली आणि हात पुढे केला.

म्हातारीने अंगठा तोंडात घालून ओला केला आणि तुळशीवरून फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. हात उजेडाकडे वळवला. मग माझ्याकडे पाहिले.

"उंबरा कोठे शे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"आठे तं उंबरा नही. तुन्या वहीमा व्हता. ती रेघ कोनी काढी, मास्तरीनबाई?"

त्या ओट्यावर ऊन होते, समोरून एक हातगाडी चालली होती, आणि मला ते सगळे एकदम लांब गेल्यासारखे वाटले. माझ्या तोंडून कसेबसे आले, "मी काढली."

"काब्र?"

काय सांगणार? बरी दिसत नव्हती म्हणून? मी तेच सांगितले. म्हातारी मला जे बोलली ते सगळे मी इथे लिहीत नाही. पण तिचे सगळे बरोबर होते. आमच्या आयाबाया हातावर लिहितात, तुझ्या शाळेत कागदावर लिहितात, मग लिहिलेल्यात आपले घुसडायचे नसते एवढे तुला शिकवले नाही का, असा त्याचा मतलब होता. मी ऐकून घेतले.

अक्का आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. "काय झालं?" तिने विचारले. "मले समजंल असं बोला."

म्हातारीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुले कोनी देयेल नही, बहीन. तुयस उघडी शे. तू घरनीच पोर शे." मग विचारले, "सापडनी तवय हात दुखत व्हता का?"

अक्काने मान हलवली. हमालाच्या बायकोने हळद-तेल लावल्याचे सांगितले.

"मंग ताजंच व्हतं. गावले निंघाना आगोदर गोंदेल व्हई. कापूस वेचाले वऱ्हाडकडे जायेत लोके, बठ्ठा गाव जाये. पोर गर्दीमा हरावनी तं वळखू यावाले पाहिजे म्हनीसन गोंदेत." मग म्हणाली, "टाकी देवानी पोरले कोनी रडाई रडाई गोंदस का वं?"

अक्का रडली नाही. ती हाताकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी हात होता आणि आता तिच्याकडे आला होता. मी मात्र तोंडात पदर कोंबून रडले. मला माझी लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता, आणि अक्काच्या पाया पडावेसे वाटत होते. तशी मी पडलेही. ती म्हणाली, "ऊठ, लोक पाहतेत."

मानमोडीत ती माय गाडीतच गेली का, कुठल्या स्टेशनवर तिला उतरवून ठेवले, पोर बोदवडला उतरली की कोणी उतरवली, हे मला आजही माहीत नाही. म्हातारीलाही माहीत नव्हते. तिच्या आईने अशा कितीतरी पोरी गोंदल्या होत्या, नदीकाठच्या पंधरा-वीस गावांत. त्यातले गाव कुठले, हे हात बघून सांगता येत नव्हते. मला अजून विचारायचे होते, पण अक्काने मला नजरेनेच थांबवले.

म्हातारीने तेवढ्यात काजळाची वाटी जवळ ओढली. सुया दोऱ्याने बांधल्या. म्हणाली, लग्न झाले, लेकरे झाली, सून आली, आता तरी उंबरा काढून देते. तिच्या आईचे राहिलेले काम तिने पुरे करायचे, हे रीतीला धरूनच होते. आईने हात धरायचा असतो, पण आता सून धरेल. मी लगेच सरसावून बसले. मला वाटले, माझ्या चुकीची ही भरपाई. मी चुकीची रेघ मारली, आता खरी रेघ माझ्या हातात हात असताना निघेल. किती बरोबर जुळत होते.

अक्काने हात काढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "उंबरा नको काढू."

"काब्र वं?"

"उघडीच राहू दे. माय आली तं वळखीन कशी मले?"

पंचावन्न वर्षांची बाई हे बोलली. अगदी साध्या आवाजात, दळण आणायला सांगावे तशी. म्हातारीने सुयांचा दोरा सोडला आणि वाटी बाजूला सारली. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

परतीच्या गाडीला तोबा गर्दी होती. मला कशीबशी एक जागा मिळाली, ती मी अक्काला देऊ लागले. ती बसली नाही. पारोळ्याला बाजाराच्या बाया चढल्या, कोणी दांडी धरली, कोणी बाकाची पाठ. एका मुलीने उठून अक्काला जागा दिली, तरी ती बसली नाही. तिने चोळीची बाही कोपरापर्यंत वर सारली, डावा हात उंच करून वरची दांडी धरली, आणि आतली बाजू बायांकडे करून जळगाव येईपर्यंत उभी राहिली.